फेर्मा संख्या, पाचवी

दोनाचा ३२ वा घात घेऊन त्यात १ मिळविला असता येणारी ४,२९,४९,६७,२९७ ही दहा अंकी पूर्ण संख्या. प्येअर द फेर्मा या फ्रेंच गणितज्ञांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्याश्रेणीतील, अविभाज्य नसलेली ही सर्वांत लहान संख्या होय. फेर्मा यांनी ती अविभाज्य मानली होती. हे मत चुकीचे आहे असे लेओनार्ट ऑयलर यांनी दाखवावयास ब्याण्णव वर्षे लागली. वरवर पाहता या संख्येत लक्ष वेधून घेईल असे काही नाही. तथापि तिचे अवयव, ती दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात मांडण्याचे प्रकार, सुसम बहुभुजांच्या रचनेशी असलेला तिचा संबंध इ. अनेक चमत्कृतिपूर्ण गुणधर्म गणितज्ञांनी शोधून काढले आहेत. यांतील बहुतेक सर्व गुणधर्म, ही संख्या दोनाच्या एका विशिष्ट घाताहून फक्त १ ने मोठी आहे, या एकाच गोष्टीतून उद्भवतात. [⟶ संख्या सिद्धांत].

श्रेणी : दोनाच्या एखाद्या घातात १ मिळविल्यास अविभाज्य संख्या केव्हा मिळेल, हा मूळ प्रश्न आहे. घातांकाला १ पेक्षा मोठ्या विषम संख्येने भाग जात असेल, तर मिळणारी संख्या नेहमीच संयुक्त असते. उदा., २ च्या सहाव्या घातात १ मिळविल्यास ६५ येतात आणि त्यांना ५ ने भाग जातो. म्हणून केवळ १, २, ४, ८, १६, ३२, ... असे, म्हणजे जे स्वतःच दोनाचे घात आहेत असे घातांक विचारात घेणे पुरेसे आहे. त्यांच्यापासून मिळणाऱ्या संख्यांना फेर्मा संख्या म्हणतात. क्रमांक शून्यापासून मोजण्याचा प्रघात असल्याने त्या फ०, फ१, फ२, ... अशा दर्शविता येतात. त्यांची मूल्ये पुढीलप्रमाणे आहेत :

फ० = ३, फ१ = ५, फ२ = १७, फ३ = २५७, फ४ = ६५,५३७, फ५ = ४,२९,४९,६७,२९७.

यांपैकी पहिल्या पाच संख्या अविभाज्य आहेत. यावरून या श्रेणीतील प्रत्येक संख्या अविभाज्य असली पाहिजे, असे फेर्मा यांना वाटले. १६४० मध्ये फ्रेनिकल यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हे मत व्यक्त केले. मात्र त्याची पूर्ण सिद्धता आपल्यापाशी नाही, हेही त्यांनी सांगितले होते. १६५४ मध्ये त्यांनी ब्लेझ पास्काल यांना या विधानाची सिद्धता शोधण्याची विनंती केली. १६६५ मध्ये फेर्मा यांचे निधन झाले, तेव्हा हा प्रश्न अनिर्णितच होता.

मागील संख्यांशी संबंध : फेर्मा संख्यांमध्ये एक सुबक संबंध आढळतो. ३ × ५ = १५; १५ × १७ = २५५; २५५ × २५७ = ६५,५३५ आणि ६५,५३५ × ६५,५३७ = ४,२९,४९,६७,२९५. प्रत्येक गुणाकारात २ मिळविल्यास पुढची फेर्मा संख्या मिळते. म्हणून फ५ ही आधीच्या पाचही फेर्मा संख्यांच्या गुणाकाराहून फक्त २ ने मोठी आहे. एखाद्या संख्येने फ५ आणि आधीची एखादी फेर्मा संख्या या दोहोंना भाग जात असेल, तर तिने २ लाही भाग जावा लागेल. परंतु सर्व फेर्मा संख्या विषम असल्याने १ खेरीज असा साधारण अवयव असू शकत नाही. हाच युक्तिवाद श्रेणीतील कोणत्याही दोन संख्यांना लागू पडतो. त्यावरून अविभाज्य संख्या अनंत आहेत, हे यूक्लिड यांच्या प्रसिद्ध सिद्धतेहून वेगळ्या मार्गाने सिद्ध होते. कारण प्रत्येक नवी फेर्मा संख्या किमान एक नवा अविभाज्य अवयव घेऊन येते. हा विचार क्रिस्टियान गोल्डबाख यांनी १७३० मध्ये ऑयलर यांना लिहिलेल्या पत्रात मांडला होता.

बुद्धिबळाच्या पटावरील गव्हाच्या दाण्यांची कथा सर्वपरिचित आहे. पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे प्रत्येक घरात आधीच्या दुप्पट दाणे ठेवीत गेल्यास अर्ध्या पटावरील ३२ घरांत मिळून ४,२९,४९,६७,२९५ दाणे होतात. त्यांत आणखी दोन दाणे टाकले की पाचवी फेर्मा संख्या मिळते. पूर्ण पटावरील दाण्यांत दोन मिळविले असता सहावी फेर्मा संख्या, म्हणजे फ६, मिळते. आधुनिक संगणकांतही फ५ ची शेजारची संख्या वारंवार भेटते : ३२ द्विमान अंकांनी निरनिराळी ४,२९,४९,६७,२९६ मूल्ये दाखविता येतात व इंटरनेटवरील जुन्या, ३२ द्विमान अंकी पत्त्यांची कमाल संख्या तेवढीच आहे.

ऑयलर यांचा शोध : १ डिसेंबर १७२९ रोजी गोल्डबाख यांनी पत्र लिहून फेर्मा यांच्या या विधानाकडे ऑयलर यांचे लक्ष वेधले. ऑयलर त्या वेळी सेंट पीटर्सबर्ग येथे होते व त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. १७३२ मध्ये सादर केलेल्या व १७३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी पुढील समीकरण दिले :

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७.

या एका उदाहरणाने फेर्मा यांचे विधान खोटे ठरले. ६४१ हा अवयव कसा सापडला, याचा खुलासा त्या निबंधात नव्हता. त्यामागील तत्त्व ऑयलर यांनी १७४७ मध्ये सादर केलेल्या दुसऱ्या निबंधात स्पष्ट केले. ते असे : प या अविभाज्य संख्येने फ५ ला निःशेष भाग जातो असे मानू. मग २ च्या ३२ व्या घाताला प ने भागले असता बाकी −१ येते व त्यामुळे ६४ व्या घाताची बाकी +१ येते. ६४ पेक्षा लहान असा कोणताही घात नाही, की ज्याची बाकी १ येईल. आता फेर्मा यांच्याच एका प्रमेयानुसार २ च्या (प − १) व्या घाताची बाकीदेखील १ च असते. म्हणून (प − १) ही संख्या ६४ च्या पटीत असली पाहिजे. याचा अर्थ असा, की फ५ चे अविभाज्य अवयव ६५, १२९, १९३, २५७, ... या, म्हणजे ६४ च्या पटीहून १ ने मोठ्या असणाऱ्या संख्यांतच शोधावे लागतात. या यादीतील अविभाज्य संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ व ६४१ अशा आहेत. पाचव्याच प्रयत्नात अवयव हाती लागतो.

१८७८ मध्ये एद्वार ल्यूका यांनी ही मर्यादा आणखी कडक केली. त्यांच्या नियमानुसार फ५ च्या प्रत्येक अविभाज्य अवयवातून १ वजा केल्यास उरणारी संख्या १२८ च्या पटीत असते. आता तपासण्याजोग्या अविभाज्य संख्या २५७, ६४१, ... एवढ्याच राहतात. त्यांतील २५७ ही स्वतःच फेर्मा संख्या असल्याने वर सांगितल्याप्रमाणे आपोआप बाद होते. म्हणजे ६४१ हा पहिलाच उमेदवार ठरतो. याच नियमाने ६७,००,४१७ ही संख्या अविभाज्य असल्याची खात्रीही सहज करून घेता येते. तिचे वर्गमूळ २,५८९ पेक्षा कमी आहे आणि त्या मर्यादेत २५७, ६४१, ७६९, १,१५३ व १,४०९ एवढ्या पाचच संख्यांनी भागून पाहावे लागते. त्यांपैकी कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही.

भागाकार न करता सिद्धता : फ५ ला ६४१ ने भाग जातो, हे प्रत्यक्ष भागाकार न करताही दाखविता येते. ६४१ ही संख्या दोन प्रकारे लिहिता येते. एक तर ६४१ = ६४० + १ आणि ६४० = ५ × १२८; दुसरे म्हणजे ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५ चा चौथा घात अधिक २ चा चौथा घात. २ च्या २८ व्या घाताला ब म्हणू. दुसऱ्या रूपाला ब ने गुणल्यास

६४१ × ब = ६२५ × ब + १६ × ब.

यात १६ × ब हा २ चा ३२ वा घात आहे, तर ६२५ × ब हा ५ × १२८ चा, म्हणजेच ६४० चा चौथा घात आहे. ६४० ही ६४१ हून १ ने कमी असल्याने ६४० ला ६४१ ने भागल्यास बाकी −१ धरता येते व म्हणून त्याच्या चौथ्या घाताची बाकी +१ येते. डाव्या बाजूला ६४१ ने पूर्ण भाग जातो. तेव्हा उजवीकडील दुसऱ्या पदाची, म्हणजे २ च्या ३२ व्या घाताची, बाकी −१ असलीच पाहिजे. त्यात १ मिळविताच बाकी शून्य होते. दहा अंकी संख्येचा अवयव अशा रीतीने काही ओळींत सिद्ध होतो.

अंकगणिती चमत्कार करून दाखविणाऱ्यांच्या इतिहासातही या संख्येला स्थान आहे. १८०४ मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या झेरा कोलबर्न या मुलाने बालवयात इंग्लंडमध्ये केलेल्या प्रयोगांत, केवळ मनातल्या मनात हिशोब करून या संख्येचे अवयव सांगितले, अशी नोंद आढळते.

कसोट्या : अवयव न शोधताही एखादी संख्या संयुक्त आहे हे ओळखता येते. फेर्मा यांच्या वर उल्लेखिलेल्या प्रमेयानुसार फ५ अविभाज्य असती, तर ३ च्या (फ५ − १) व्या घाताला फ५ ने भागून बाकी १ आली असती. येथे (फ५ − १) हा दोनाचाच घात असल्याने हा हिशोब फारच सोपा होतो. ३ चा वर्ग करावयाचा, आलेल्या संख्येचा पुन्हा वर्ग करावयाचा आणि प्रत्येक वेळी फ५ ने भागून बाकी तेवढी ठेवावयाची. अशा ३२ पायऱ्यांनंतर बाकी १ न येता ३,०२,९०,२६,१६० येते. म्हणजे ही संख्या संयुक्त आहे, हा निर्णय हाताने आकडेमोड करून एखाद्या दिवसात होऊ शकतो. आणि त्यासाठी लागणारे प्रमेय फेर्मा यांनी १६४० मध्येच सांगितलेले होते.

हीच कसोटी ३ ऐवजी २ घेऊन लावल्यास मात्र ती फसवी ठरते. फ५ ने भागले असता २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ व ६४ व्या घाताची बाकी +१ येते. (फ५ − १) ही संख्या ६४ च्या पटीत असल्याने २ च्या (फ५ − १) व्या घाताचीही बाकी १ येते. संयुक्त असूनही फ५ ही संख्या या कसोटीला अविभाज्य संख्येप्रमाणेच उतरते. अशा संख्यांना २ या पायाच्या छद्म-अविभाज्य संख्या म्हणतात. प्रत्येक फेर्मा संख्या, ती अविभाज्य असो वा संयुक्त, या कसोटीला उतरतेच. त्यामुळे फेर्मा संख्यांच्या बाबतीत ही कसोटी निरुपयोगी आहे.

दोन वर्गांची बेरीज : फ५ ही ६५,५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग अशी आहे, हे तिच्या व्याख्येवरूनच उघड आहे. परंतु ती आणखी एका प्रकारे दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात मांडता येते. ६२,२६४ चा वर्ग ३,८७,६८,०५,६९६ असून २०,४४९ चा वर्ग ४१,८१,६१,६०१ आहे. या दोहोंची बेरीजही ४,२९,४९,६७,२९७ च होते. अविभाज्य संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात मांडता येत असेल, तर ती एकाच प्रकारे मांडता येते. त्यामुळे हे दुसरे रूप हाती येताच फ५ संयुक्त असल्याचा आणखी एक पुरावा मिळतो.

दोन रूपे कोठून येतात, हे अवयवांवरून समजते. ६४१ = २५ चा वर्ग + ४ चा वर्ग आणि ६७,००,४१७ = २,५५६ चा वर्ग + ४०९ चा वर्ग. दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकारही दोन वर्गांची बेरीजच असतो. ब्रह्मगुप्त यांनी इ. स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धांत या ग्रंथात दिलेल्या भावना या नियमाच्या कुटुंबातीलच हे सूत्र आहे. त्यानुसार तिरकस व सरळ गुणाकार करून २५ × २,५५६ = ६३,९०० आणि ४ × ४०९ = १,६३६; तसेच २५ × ४०९ = १०,२२५ आणि ४ × २,५५६ = १०,२२४ असे गुणाकार मिळतात. पहिल्या दोहोंची बेरीज ६५,५३६ व दुसऱ्या दोहोंची वजाबाकी १, ही एक जोडी. पहिल्या दोहोंची वजाबाकी ६२,२६४ व दुसऱ्या दोहोंची बेरीज २०,४४९, ही दुसरी जोडी होय.

सुसम बहुभुज : पट्टी व कंपास एवढीच साधने वापरून कोणते सुसम बहुभुज काढता येतात, हा ग्रीकांपासून चालत आलेला प्रश्न आहे. १७९६ मध्ये कार्ल फ्रीड्रिख गौस यांनी १७ बाजूंचा सुसम बहुभुज अशा प्रकारे काढता येतो, असे सिद्ध केले व १८०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याचा सर्वसाधारण नियम दिला. बाजूंची संख्या विषम असेल, तर ती एक अविभाज्य फेर्मा संख्या किंवा अशा परस्परांहून भिन्न संख्यांचा गुणाकार असली पाहिजे, असा हा नियम आहे. ही अट आवश्यक आहे, याची सिद्धता प्येअर वाँत्सेल यांनी १८३७ मध्ये प्रसिद्ध केली. ज्ञात असलेल्या पाच अविभाज्य फेर्मा संख्यांपासून असे ३१ गुणाकार तयार होतात. त्यांतील सर्वांत मोठा, म्हणजे पाचही संख्यांचा गुणाकार, ४,२९,४९,६७,२९५ आहे. म्हणजे इतक्या बाजूंचा सुसम बहुभुज तत्त्वतः पट्टी व कंपास यांनी काढता येतो. मात्र त्याहून केवळ दोनच बाजू अधिक असलेला, फ५ इतक्या बाजूंचा बहुभुज काढता येत नाही. फेर्मा यांचे मत खरे असते, तर तोही काढता आला असता.

संयुक्तपणाचा उपयोग : फ५ ला दोन भिन्न अविभाज्य अवयव आहेत, ही गोष्ट पुढे एका वेगळ्याच प्रमेयासाठी उपयोगी पडली. पोलिश गणितज्ञ व्हाट्सवाफ शेर्पिन्स्की यांनी १९६० मध्ये असे सिद्ध केले, की काही विषम संख्या अशा आहेत, की त्यांपैकी एखाद्या संख्येला दोनाच्या कोणत्याही घाताने गुणून त्यात १ मिळविला, तरी येणारी संख्या नेहमी संयुक्तच असते. आणि अशा विषम संख्या अनंत आहेत. सिद्धतेत त्यांनी ३, ५, १७, २५७, ६५,५३७, ६४१ व ६७,००,४१७ या सात अविभाज्य संख्या वापरल्या. कोणताही घातांक घेतला, तरी या सातांपैकी एका संख्येने भाग जाईल अशी मूळ विषम संख्येची निवड करता येते. ६४ ने पूर्ण भाग जाणारे घातांक आणि ६४ ने भागून ३२ बाकी उरणारे घातांक, असे दोन गट शेवटी शिल्लक राहतात. त्यांच्यासाठी दोन वेगवेगळे अवयव लागतात व ते फ५ पुरविते. फ५ अविभाज्य असती, तर ही सिद्धता या स्वरूपात देता आली नसती.

पुढील फेर्मा संख्या : फ५ चे अवयव मिळाल्यानंतर दीडशे वर्षे फ६ चे अवयव सापडले नाहीत. १८८० मध्ये फॉर्त्यूने लांद्री यांनी ८२ व्या वर्षी ते शोधून काढले. त्यांतील लहान अवयव २,७४,१७७ हा आहे. ३९ अंकी फ७ चे अवयव मायकेल मॉरिसन व जॉन ब्रिलहार्ट यांनी १९७० मध्ये संगणकाच्या साहाय्याने मिळविले. ते अनुक्रमे १७ व २२ अंकी आहेत. फ८ चे अवयव १९८० मध्ये, तर फ९ चे १९९० मध्ये मिळाले. दर वेळी अवयव पाडण्याच्या नव्या पद्धतीची कसोटी या संख्यांवर लागली. १९७७ मध्ये पुढे आलेली आरएसए ही गुप्तलेखन पद्धती मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याच्या अवघडपणावर आधारलेली असल्याने या संशोधनाला व्यावहारिक महत्त्वही आले. त्याच पद्धतीत फ४, म्हणजे ६५,५३७, ही संख्या जाहीर घातांक म्हणून सर्रास वापरतात.

१८७७ मध्ये तेओफिल पेपँ यांनी एक निर्णायक कसोटी दिली. ती व अवयवांचा प्रत्यक्ष शोध यांच्या साहाय्याने फ५ पासून फ३२ पर्यंतच्या सर्व संख्या संयुक्त ठरल्या आहेत. फ२० व फ२४ यांसारख्या काही संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध झाले असले, तरी त्यांचा एकही अवयव सापडलेला नाही. फ३३ चा निर्णय लागलेला नाही. तिच्यात २५८ कोटींहून अधिक अंक असून, पेपँ यांच्या कसोटीसाठी एवढ्या मोठ्या संख्येचे ८५८ कोटींहून अधिक वेळा वर्ग करावे लागतील.

महत्त्व : फ५ च्या आसपासच्या संख्यांमध्ये सरासरीने सु. २२ संख्यांमागे एक अविभाज्य असते. श्रेणीतील पुढची प्रत्येक संख्या आधीच्या संख्येच्या जवळजवळ वर्गाइतकी असल्यामुळे ढोबळ मानाने ही शक्यता दर पायरीला निम्मी होत जाते. या दृष्टीने पाहता पहिल्या पाच संख्या अविभाज्य निघाल्या, यात नियमापेक्षा लहान संख्यांचा योगायोगच अधिक आहे. पाच उदाहरणांत आढळलेली गोष्ट सहाव्यातही आढळेलच असे नाही, तिला सिद्धतेचा आधार हवा, याचा गणितातील सर्वांत स्पष्ट दाखला म्हणून फ५ चा निर्देश केला जातो. हाच इशारा उलट बाजूनेही लागू पडतो. फ५ पासून सलग अठ्ठावीस संख्या संयुक्त आढळल्या असल्या, तरी त्यापुढे एकही अविभाज्य फेर्मा संख्या नाही, असे म्हणण्यास तेवढ्यावरून आधार मिळत नाही. अविभाज्य फेर्मा संख्या पाचच आहेत की अधिक, तसेच संयुक्त फेर्मा संख्या अनंत आहेत की नाहीत, हे दोन्ही प्रश्न अद्याप सुटलेले नाहीत.